गुन्वोरच्या सुटाची नऊ ठिगळं

माझ्या बायकोचा, गुन्वोरचा, ड्रायसूट दीड वर्ष शेडमध्ये मागच्या खुंटीला टांगलेला होता. तो गळतो, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. कुणी मागितला की हेच सांगायचो. दोघांनी मागितला, दोघांना हेच सांगितलं. तिसरी मोल्फ्रिड आली.

शेड बंदरावर आहे. माझ्या वडिलांच्या वेळी तिथे कॉड मासा खारवायचे. हवा दमट झाली की लाकडाला अजून तो वास येतो. मी तिथे सूट दुरुस्त करतो. आमच्या बेटावर पाण्याखाली जाऊन पोट भरणारी माणसं बरीच आहेत. कुणी शिंपले काढतं, कुणी सामन माशांच्या जाळ्यांची भोकं शिवतं. हिवाळ्यात पाणी पाच अंशांवर असतं. अंग भिजलं तर वीस मिनिटांत बोटं वळेनाशी होतात. म्हणून ड्रायसूट. बुटांपासून मानेपर्यंत एकच कापड, त्यात रबराचा थर, मनगटांना आणि मानेला घट्ट रबरी पट्ट्या, पाठीवर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पाणी न शिरणारी चेन. आत लोकर घालायची आणि कोरडं राहायचं. कोरडं राहता येईना की लोक माझ्याकडे येतात.

मोल्फ्रिड नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. ती आणि गुन्वोर बावीस वर्षं एकाच बोटीवरून शिंपल्यांसाठी बुड्या मारायच्या. बोट मोल्फ्रिडची. बोटीवर थांबून वर येणाऱ्या बुडबुड्यांवर नजर ठेवायचं काम तिच्या नवऱ्याचं, सेव्रिनचं.

"डॉक्टर, पेशंट आणलाय," असं म्हणून तिनं सूट टेबलावर आपटला.

हे 'डॉक्टर' गुन्वोरनंच सुरू केलं होतं, लग्न झालं त्या वर्षी. मग सगळं बंदर म्हणायला लागलं. आता मला ते नको वाटतं, पण तसं कुणाला सांगितलेलं नाही.

मी सूट उलटा केला. पाठीकडचा आतला थर दुधावरची साय सुटावी तसा सुटला होता. बोट लावलं की रबर चुरा होऊन हाताला येत होतं.

"याला भाजलंस काय?"

"मी नाही. आमच्या साहेबांनी. इंजिनाच्या धुराड्यापाशी वाळत घातला. पाच मिनिटं ठेवतो म्हणाला. सेव्रिनची पाच मिनिटं म्हणजे एक किटली कॉफी, चार वाफेल आणि वर डुलकी."

"हा गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला. ठिगळ लावायचं तर खाली धरायला काही पाहिजे ना."

"मग नवा?"

"तुझ्या मापाचा शिवून यायला मार्च उजाडेल."

"मार्च!" ती टेबलावरच बसली. "आणि नाताळचे शिंपले कोण काढणार, सेव्रिन? त्याला आंघोळीच्या टबात सोडला तरी बुडेल."

मी हसलो नाही. तीही हसली नाही. मग तिची नजर मागच्या खुंटीकडे गेली. ती येतानाच ठरवून आली असणार.

"आस्गेर, तो दे."

"तो गळतो."

"माहितीय. पूर्ण हिवाळा तिच्या शेजारी बसून तिला कुडकुडताना मी बघितलंय. मग काढ ना गळती. तुझा धंदा काय आहे?"

"नऊ वेळा काढली."

"दहाव्यांदा काढ. आम्ही दोघी एका मापाच्या. म्हणजे, ती बारीक व्हायच्या आधी." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "आणि तिला हे आवडलं नसतं. सूट असा खुंटीला. वापरातली वस्तू टांगून ठेवलेली तिला बघवायची नाही. तुला ठाऊक आहे."

"बघतो."

"बघू नकोस. कर. मी शनिवारी येते."

ती गेली. जळका सूट तिथेच टाकून गेली.

हा सूट का टांगून ठेवला होता ते सांगायला हवं.

गुन्वोर वारली त्याच्या आदल्या सप्टेंबरात ती एक दिवस बोटीवरून आली आणि म्हणाली, "डॉक्टर, पेशंट रडतोय. पाठ ओली झाली." मी सूट तपासला. सूट तपासायची रीत सोपी आहे, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तीच. मनगटांच्या पट्ट्यांत काचेच्या बरण्या बसवायच्या, मानेत एक प्लास्टिकचा डबा. चेन लावायची. छातीवरच्या झडपेतून हवा भरायची. सूट माणसासारखा फुगतो. मग ब्रशनं साबणाचं पाणी लावत जायचं. जिथे भोक असेल तिथे फेस फुगतो. त्याच्याभोवती खडूनं गोल काढायचा, सूट उलटा करून वाळवायचा, घासायचं, सोल्यूशन लावायचं, ठिगळ दाबायचं आणि एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही. मी प्रत्येक ठिगळावर तारीख लिहितो, न पुसणाऱ्या पेनानं. पुढच्या वेळी कोणतं जुनं आणि कोणतं नवं ते कळतं.

त्या दिवशी डाव्या गुडघ्यामागे एक भोक सापडलं. ठिगळ लावलं. चौदा सप्टेंबर.

दोन आठवड्यांनी ती पुन्हा ओली होऊन आली. या वेळी काखेत शिवणीवर एक सापडलं. मग कंबरेवर. मग दंडावर.

या धंद्यातली पहिली गोष्ट म्हणजे घाम आणि गळती यांतला फरक. मी नवीन माणसाला हेच आधी विचारतो. गळतीचं पाणी थंड असतं आणि एका जागी असतं. एक बाही, एक पाय, पोटावर एक पट्टा. घाम सगळीकडे असतो. पाठ, छाती, मान. लोकरीला आतून ओल असते, बाहेरून नसते. दहातले चार जण सूट घेऊन येतात आणि त्यांचा सूट ठणठणीत असतो. त्यांनी लोकर जास्त घातलेली असते, नाहीतर बोट वल्हवून मग उडी मारलेली असते. मी त्यांना परत पाठवतो. त्यावरून माझी थट्टा करतात, की हा गिऱ्हाइकाला घरी पाठवणारा एकटाच दुकानदार आहे.

गुन्वोरची पाठ, छाती आणि मान ओली व्हायची.

मी एकदा म्हणालो, "घाम नसेल ना?"

ती म्हणाली, "मला? मला कधी घाम आलेला बघितलायस? आपल्या लग्नात जुलै महिन्यात लोकरीचा पोशाख घालून नाचले, तेव्हा तरी आला होता का?"

खरंच नव्हता आला. ती कोरडी बाई होती. बेटावर सगळ्यांना माहीत होतं. पाच अंशांच्या पाण्यात दीड तास राहून वर येऊन कॉफी ओतायची, हात कापायचा नाही.

आणि मी प्रत्येक वेळी शोधलं की भोक सापडायचं. हे मला नीट सांगायचं आहे, कारण मी खोटं करत नव्हतो. तो सूट अकरा वर्षांचा होता. अकरा वर्षांच्या कोणत्याही सुटात शोधाल तेवढी भोकं सापडतात, टाचणीच्या टोकाएवढी. एका बुडीत चमचाभर पाणी आत येईल अशी. त्यानं पाठ भिजत नाही. ते मला माहीत होतं. तरी सापडलं की बरं वाटायचं. मी खडूनं गोल काढायचो आणि तिला हाक मारायचो, "ये, सापडलं!" ती येऊन वाकून बघायची आणि म्हणायची, "एवढंसं? आणि मला एवढं भिजवलं?"

सातव्या, आठव्या वेळी भोक सापडायला दुपार जायची. मी कान लावून ऐकायचो. नवव्या वेळी जे फुगलं ते भोक होतं की नुसता साबणाचा फेस, ते मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. मी त्यावर ठिगळ लावलं. दोन मार्च.

मधल्या काळात आणखी गोष्टी झाल्या. डिसेंबरात ती म्हणाली मनगटांतून पाणी येतं. पट्ट्या सैल झाल्यात. रबर जुनं झालं की सैल होतं, म्हणून मी नव्या लावल्या, एक माप लहान. जानेवारीत मानेच्या बाजूला, हाडाच्या वर, एक गाठ आली. आम्ही दोघांनी आरशात बघितली. ती म्हणाली, "तुझी ही मानेची पट्टी मला कापतेय." मी पट्टीची कड गोल घासून मऊ केली आणि पावडर जास्त लावायला सांगितलं. शिंपले काढणाऱ्या निम्म्या लोकांच्या मानेवर असं काहीतरी असतं.

आणि सकाळी चादर ओली असायची. मी ऑक्टोबरात पिसांची नवी रजाई आणली होती. ती म्हणायची, रजाई फार उबदार आहे, तू मला शिजवतोस. चादरी ती रोज दोरीवर टाकायची. मी शेडकडे जाताना त्यांच्या खालून वाकून जायचो.

चादरी एकीकडे आणि सूट एकीकडे. मला ते एकत्र दिसले नाहीत. मी सूट दुरुस्त करणारा माणूस आहे, मला सूट दिसला.

मार्चच्या शेवटी ती शिडीवरून बोटीवर चढता चढता खाली बसली आणि उठेना. ट्रॉन्हाइमच्या इस्पितळात डॉक्टरबाईंनी मानेची गाठ चाचपली आणि विचारलं, "रात्री घाम येतो का?"

गुन्वोर म्हणाली, "नाही हो. रजाई नवीन आहे."

मी म्हणालो, "चादर भिजते."

"किती दिवसांपासून?"

गुन्वोर आठवत बसली. मला आठवावं लागलं नाही. मी म्हणालो, "चौदा सप्टेंबर." डॉक्टरबाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, की याला तारीख कशी माहीत. मला माहीत होती. मीच लिहिली होती.

रक्ताच्या कर्करोगाचाच एक प्रकार होता, गाठींतला. लवकर आला असतात तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. मे महिन्यात ती गेली.

त्यानंतर मी सूट खुंटीला लावला आणि पुन्हा तपासला नाही. कुणी मागितला की गळतो म्हणायचो. कारण तो गळत असेल, म्हणजे दहावं भोक अजून कुठेतरी असेल, तर त्या हिवाळ्यातली निम्मी तरी ओल समुद्राची होती. मग मी निम्मा तरी बरोबर होतो. आणि तो गळत नसेल तर सहा महिने मी चुकीच्या जागी साबण लावत होतो. एवढंच होतं. मोल्फ्रिडला सूट हवा होता आणि मला तो तपासायचा नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी तो खाली काढला.

धूळ पुसली. चेनला मेण लावलं. मनगटाच्या पट्ट्यांत त्याच दोन बरण्या बसवल्या. रानातल्या पिवळ्या बोरांच्या मुरंब्याच्या होत्या, तिनंच ठेवलेल्या, एकीवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी अजून आहे. पट्ट्या लहान मापाच्या असल्यामुळे बरण्या जाताना त्रास झाला. मग मानेत डबा, आणि हवा.

तो फुगला. हात बाजूला झाले, पाय सरळ झाले. फुगलेला सूट प्रत्येकाचा वेगळा असतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. गुन्वोरचा उजवा खांदा वर असायचा, जाळीची पिशवी ओढून ओढून. सुटाचाही तसाच होता. मी ब्रश हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिलो.

मग डाव्या पायापासून सुरू केलं. पाय, गुडघा, मांडी, जोडाची शिवण. कंबर. पोट. छाती. झडपेभोवती. बाह्या. काखा दोनदा. मानेच्या पट्टीचा जोड. चेनची दोन्ही टोकं, तिथे नेहमी असतं. नऊ ठिगळांच्या जागा एकेक करून. कुठेच काही फुगलं नाही. साबण वाहून खाली फरशीवर ठिबकत राहिला.

मी सूट तसाच फुगलेला ठेवला आणि घरी जाऊन बटाटे आणि मासा उकडून खाल्ला. तीन तासांनी परत आलो. बोटानं दाबून बघितलं. तेवढाच घट्ट.

तरी मी स्वतःला एक गोष्ट सांगितली. साबण फक्त आतून बाहेर जाणारी हवा दाखवतो. दंडावर हवा बाहेर सोडायची झडप असते. तिच्यात वाळूचा कण किंवा लोकरीचा धागा अडकला तर ती आतून घट्ट दिसते आणि बाहेरचं पाणी मात्र आत घेते. ती झडप मी तेव्हा तीनदा धुतली होती. पण चौथ्यांदा काही अडकलं असेल. हे मी काही उगाच बोलत नव्हतो, असं होतं. मी झडपेला हात लावला नाही. तशीच राहू दिली. म्हटलं, पाण्यात कळेल.

शनिवारी मोल्फ्रिड आणि सेव्रिन आले.

"सापडलं?" मोल्फ्रिडनं विचारलं.

"साबणानं नाही. दंडाची झडप असेल. पाण्यात बघायला लागेल."

"मग बघू या." तिनं सूट उलटा करून आतली ठिगळं बघितली. एकेका तारखेवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंयस? बारा नोव्हेंबर. त्या दिवशी आम्ही उत्तरेच्या खडकाकडे होतो. बोटीत बसल्या बसल्या तिचे दात वाजत होते. मी म्हणाले, काय गं, म्हातारी झालीस. ती म्हणाली, माझा नवरा म्हातारा झाला, त्याला भोकं दिसत नाहीत." ती हसली आणि मग थांबली. "तुला राग नाही ना आला?"

"नाही. म्हणायचीच ती तसं."

सूट घालताना मनगटांत तिचे हात अडकले. "आई गं! हे काय लहान पोराचं माप आहे?"

"तिच्या हातांना सैल होत होत्या. म्हणून लहान लावल्या."

"तिचे हात आणि माझे हात सारखेच होते, आस्गेर."

मी कात्रीनं पट्टीची एकेक कड कापून दिली. मग हात गेले.

आत घालायला मी तिला राखाडी सुती कपडे दिले होते, लोकर नाही. राखाडी सुतावर थेंब पडला तरी काळा दिसतो. माझी जुनी पद्धत आहे. सेव्रिन म्हणाला, "ती गारठून मरेल ना," मोल्फ्रिड म्हणाली, "मेले तर तुला रोज वाफेल खायला मोकळीक."

बंदराच्या तोंडाशी ती पाण्यात उतरली. तिथे पाणी अठरा मीटर खोल आहे. मी तिला सांगितलं होतं की डावा हात सतत डोक्याच्या वर आणि खाली करत राहा, झडप सारखी उघडली आणि मिटली पाहिजे. सेव्रिन आणि मी धक्क्याच्या कडेला बसलो. पाऊस नव्हता, वारा नव्हता, ढग डोंगराच्या निम्म्यापर्यंत आले होते. अशा वेळी आमच्याकडे दुपार झाली की सकाळ झाली कळत नाही. बुडबुडे एका जागी येत होते.

सेव्रिन म्हणाला, "गळत असला तर बरं का वाईट?"

मी म्हणालो, "तुमच्यासाठी वाईट."

"आणि तुझ्यासाठी?"

सेव्रिन बावळट आहे असं सगळे समजतात. मोल्फ्रिडही समजते. त्यानं पुन्हा विचारलं नाही. थर्मासातली कॉफी ओतून दिली.

पस्तीस मिनिटांनी ती वर आली. ओठ निळे झाले होते. शेडमध्ये आल्यावर मी पाठीमागून चेन उघडली. माझे हात तिच्याइतकेच थंड होते. तिनं मान बाहेर काढली, मग हात, आणि सूट कंबरेपर्यंत खाली सोडला.

राखाडी सूत राखाडीच होतं. पाठ, छाती, काखा, पोट. मी डाव्या बाहीच्या आत खांद्यापर्यंत हात घालून बघितला. झडपेच्या खाली, कोपराच्या वळणात, जिथे पाणी साचतं. मग बुटांमध्ये. हात पिठाच्या डब्यातून काढावा तसा कोरडा बाहेर आला.

"ठणठणीत आहे रे!" मोल्फ्रिड म्हणाली. "तू तर उगाच... काढलीस की तू गळती! नवव्या वेळीच निघाली असणार. ती नंतर गेलीच नाही ना पाण्यात, म्हणून कळलं नाही."

दोन मार्चनंतर गुन्वोर चार वेळा पाण्यात गेली होती. चारही वेळा मोल्फ्रिड बरोबर होती. बोलून झाल्यावर तिलाही ते आठवलं असावं. ती तशीच उभी राहिली, सूट कंबरेपाशी, अंगावर काटा. सेव्रिननं तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली, ती तिनं धरली नाही, ती खाली पडली.

"मग ती भिजायची कशानं?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "घामानं."

"गुन्वोरला घाम यायचा नाही."

"नाही यायचा."

ती टेबलाच्या कडेला टेकली. तिनं त्या तारखांकडे बघितलं, सूट उलटा लोंबत होता त्यामुळे वरच्या चार-पाचच दिसत होत्या. मग म्हणाली, "मी तिला म्हातारी म्हणाले. बोटीत. रोज म्हणायचे."

"तुला काय माहीत."

"आणि तुला?"

तिनं ते टोचायला विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून मी खरं सांगितलं. चादरींचं सांगितलं. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, आमच्या पाद्रीबाबांनाही नाही. सेव्रिन दाराकडे तोंड करून उभा होता.

मोल्फ्रिड म्हणाली, "त्या चादरी मी बघितल्यात. बोट आत येताना दिसायच्या. मी सेव्रिनला म्हणायचे, बघ, ह्याला म्हणतात स्वच्छता."

"हो," सेव्रिन दाराकडेच बघत म्हणाला. "म्हणायची."

मग तिनं कपडे बदलले. सूट घडी करून मी तिच्या हातात दिला. तिनं विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "वापरातली वस्तू आहे." जाताना ती म्हणाली, "येते, आस्गेर." तेव्हापासून तिनं मला डॉक्टर म्हटलेलं नाही.

नाताळच्या आधी शेजारच्या बेटावरून हालगेर नावाचा माणूस आला. सामनच्या जाळ्यांवर काम करतो, दारातून तिरकं होऊन आत यावं लागतं एवढा मोठा. म्हणाला पाठ भिजते. मी सूट फुगवला, साबण लावला, काही निघालं नाही. मी विचारलं, "रात्री घाम येतो? चादर ओली होते?"

तो म्हणाला, "काय?"

"वजन उतरलंय? मानेत, काखेत गाठ वगैरे?"

"माझी बायको मला एवढं विचारत नाही! तू सूट बघ की."

"सूट बघितला. सूट चांगला आहे. तू डॉक्टरकडे जाऊन ये. खऱ्या."

त्याची बायको घाबरली आणि तिनं त्याला नेलं. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. काही नव्हतं. दोन लोकरी बनियन एकावर एक घालत होता. तो बंदरावर सगळ्यांना सांगत सुटला की आस्गेरचं डोकं फिरलंय, पंक्चरला गेलो तर मला मरणाची तारीख सांगत होता. आता तो सूट दुसरीकडे नेतो. आणखीही दोघे-तिघे यायचे थांबलेत. मी तरी विचारतो. आधी ते विचारतो आणि मग बरण्या काढतो.

मोल्फ्रिड हिवाळाभर त्याच सुटात पाण्यात जाते आहे. बोट आत येताना दिसली की मी हातातलं काम ठेवून धक्क्यावर जातो. सेव्रिन दोर टाकतो, मी तो बांधतो. ती पाठ करून उभी राहते, मी चेन उघडतो आणि तिचा हात निघाला की बाहीत हात घालून कोपरापर्यंत चाचपतो. ती माझं होईपर्यंत थांबते.

हात अजून एकदाही ओला निघालेला नाही.